बुर्गीला न सापडलेलं काडतूस

बुर्गी मार्चमध्ये गेली आणि तेव्हापासून ओटमार प्राश ठीक होता. कोणी विचारलं की तो एवढंच सांगायचा, "ठीक आहे." ते खोटंही नव्हतं. झोप लागत होती, जेवण जात होतं, शेगडीसाठी लाकडं फोडून रचून झाली होती. रडू तेवढं येत नव्हतं. दफनाला निम्मं फेर्लाख गाव लोटलं, शिंगं वाजली, बुर्गीची धाकटी बहीण कबरीच्या काठाशी मटकन बसली, आणि हा गृहस्थ शवपेटीच्या पितळी कड्यांवरची नक्षी किती हलक्या हाताची आहे ते बघत उभा होता. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि डोक्यात काय, तर कड्या.

त्यात त्याच्या धंद्याचाही दोष होता. बंदुकांच्या पोलादावर हरणं, रानकोंबडे आणि ओकची पानं कोरण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. फेर्लाखमध्ये याचं कोणाला कौतुक नाही. इथे दर तिसऱ्या घरात कोणीतरी बंदुकीचा काही ना काही भाग करतं. कोणी दस्ते, कोणी चाप, कोणी नळ्या. बुर्गी नळ्यांची. ओग्रिस मास्तरांच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं नळ्या सरळ केल्या. नळी खिडकीच्या उजेडाकडे धरायची, आत पडलेल्या सावलीची रेघ बघायची, आणि रेघ जिथे ढळली तिथे हातोडीचा एक ठोका. नवरा बंदूक बाहेरून ओळखायचा, बायको आतून.

ओटमारला नाद होता जुन्या जोडबंदुकांचा. वर छर्‍यांची नळी, खाली गोळीची. झुडपातून ससा उठो की मोठं हरीण पुढे येवो, माणूस अडत नाही. अशा चौदा बंदुका त्याच्या कपाटात होत्या आणि सगळ्या त्याच्याहून वयाने मोठ्या. यातली मेख अशी, की जुन्या काळी प्रत्येक कारागीर आपल्या मर्जीने गोळीचं माप ठरवायचा. कारागीर मेले, त्यांचे बादशहा गेले, काडतुसं बनणं बंद झालं, बंदुका राहिल्या. त्यामुळे अशी बंदूक मिळवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे तिच्या पोटात काय जातं ते शोधणं, आणि त्यात भल्याभल्यांची दमछाक होते.

हे उरलेलं अर्धं बुर्गीकडे होतं. गंधक वितळवून नळीच्या बुडाशी ओतायचं, थिजलेला पिवळा साचा बाहेर काढायचा, मापं घ्यायची, मग पत्रं, फोन, ओळखीच्या ओळखी. काडतूस मिळालं तर उत्तम, नाहीतर दुसऱ्या कुठल्या मापाचं पितळ कापून, तापवून, हातप्रेसमध्ये दाबून ती स्वयंपाकघरात स्वतः बनवायची. टेबलाच्या एका टोकाला बटाट्याची सालं, दुसऱ्या टोकाला बंदुकीच्या दारूचा तराजू. तेरा बंदुकांना तिने असा आवाज दिला. संग्राहक म्हणून नाव मात्र ओटमारचं झालं, आणि त्याने ते बिनदिक्कत होऊ दिलं.

चौदावी अकरा वर्षांपूर्वी आली, एका वनरक्षकाच्या घरातून. एकोणीसशे नऊची. तिच्या बाजूच्या पत्र्यावर लिंक्स हा झुपकेदार कानांचा रानबोका कोरलेला, आणि तो कोरणारा हात ओटमारच्या गुरूच्या गुरूचा. कानाच्या टोकावरचे केससुद्धा मोजून घ्या. घरी आणल्यावर ओटमारने ती चार दिवस कपाटात ठेवलीच नाही, पलंगाशेजारी ठेवली. बुर्गीनेही ती पाहिली. म्हणाली, "हिचं काडतूस शोधावं लागेल." आणि अकरा वर्षं ती शोधतच राहिली.

आता फेर्लाखच्या जोडबंदूकवाल्यांचा एक रिवाज आहे. एकूण नऊ जणांचं मंडळ. नोव्हेंबरात, शिकाऱ्यांच्या संत ह्यूबर्टसच्या रविवारी सगळे गावाबाहेरच्या मातीच्या खाणीत जमतात, आणि ज्याने बंदूक नवी मिळवली असेल त्याने तिच्या दोन्ही नळ्यांतून बार काढून दाखवायचा. दोन्ही नळ्या बोलल्या की मंडळाचा म्होरक्या स्प्रूसच्या झाडाची डहाळी त्याच्या टोपीवर खोचतो आणि बंदूक वहीत चढते. एक जरी मुकी राहिली तर ती बंदूक नव्हेच. तिला छत्री म्हणतात. ओटमार दर वर्षी चौदावी घेऊन जायचा, वरच्या नळीतून छर्‍यांचा बार काढायचा, आणि म्होरक्या आल्बान क्रोपियुनिग ठरल्याप्रमाणे आभाळाकडे बघून म्हणायचा, "बरं झालं छत्री आणलीस, भरून आलंय."

यावर ओटमारचं उत्तरही ठरलेलं. चीज भरलेले वाफाळते कान्होले वाढत असलेल्या बुर्गीकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "मला काय विचारता? बाईसाहेबांना विचारा. वर्षानुवर्षं शोधतायत. एवढ्यात लोकांनी अमेरिका शोधली असती, तिथे घरं बांधली असती." मंडळी हसायची. बुर्गीही हसायची आणि त्याच्या ताटात एक जास्तीचा कान्होला टाकायची.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आल्बानचा फोन आला. "या वर्षी नाही आलास तरी कोणी काही म्हणणार नाही हं, ओटमार."

"येतो की. चौदावीला बोलती करूनच आणतो."

हे त्याच्या तोंडून असंच निघून गेलं. फोन ठेवल्यावर मात्र ते त्याच्या मागे लागलं. सात महिने त्याला काहीच हवंसं वाटलं नव्हतं; ही एक गोष्ट त्यातल्या त्यात कमी नकोशी होती. शिवाय एक भीती होती, जी तो कोणापाशी बोलला नव्हता. आपल्याला रडू येत नाही, कारण मुळात आपलं तिच्यावर प्रेम नव्हतंच की काय? सवय होती, सोय होती, आणि ती गेल्यावर फक्त खुर्ची रिकामी झाली? तिचं अर्धं राहिलेलं काम पुरं केलं, त्या नळीतून खरोखर बार निघाला, तर आपल्या आतही काहीतरी हलेल, असं त्याने धरून ठेवलं. नाही हललं, तर मग काय ते कळलंच.

तिची पत्त्यांची वही त्याने टेलिफोनपाशी घेतली आणि पहिल्या पानापासून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. किती माणसं ओळखत होती ही बाई! ग्राट्सचा एक दंतवैद्य, एक कीर्तिवंत पाद्री, टायरॉलमधल्या दोन सख्ख्या बहिणी. सगळे आधी हळहळायचे, मग तिने कधीतरी केलेल्या मदतीची गोष्ट सांगायचे आणि शेवटी नाही म्हणायचे. ओटमार प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणून नावासमोर रेघ मारायचा. सतरावा फोन गाइल खोऱ्यातल्या फ्लोरियान चेर्निट्झ नावाच्या निवृत्त पोस्टमनला लागला. त्याने माप ऐकलं, ते पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि म्हणाला, "तुम्ही या. फोनवर नको."

चेर्निट्झ काडतुसं जमवणारा होता. बंदूक जमवणारा आणि काडतुसं जमवणारा यांचं कधीच जमत नाही. एकाला जे उडवायचं असतं ते दुसऱ्याला जपायचं असतं. पोस्टमनच्या घरात भिंतभर चपटे खण होते, पत्रांच्या खणांसारखे, आणि प्रत्येकात कापसावर काडतुसं झोपलेली. त्याने पांढरे हातमोजे घातले होते.

"प्राश म्हणजे तुम्ही बुर्गीबाईंचे यजमान," तो म्हणाला. "जाळणाऱ्यांपैकी."

"म्हणजे?"

"माणसं दोन तऱ्हेची असतात. ठेवणारी आणि जाळणारी. बसा. तुम्ही फोनवर जे माप सांगितलंत ना, ते माझ्याकडे होतं. अख्खी पेटी, दहा नग, मूळ वेष्टणासकट. तशी पेटी मी पुन्हा पाहिली नाही."

"होतं म्हणजे? कोणाला दिलं?"

चेर्निट्झने त्याच्याकडे असं पाहिलं जसं पत्ता चुकलेल्या पाकिटाकडे पाहत असेल. "अहो, तुमच्याच बायकोला. अकरा वर्षं होतील येत्या फेब्रुवारीला. बर्फ इथवर होतं. बाई बसने आल्या, रुमालात गंधकाचा साचा बांधून. मी देणार नव्हतो. तीन तास बसल्या त्या खुर्चीत. शेवटी म्हणाल्या, हे उडणार नाही याची मी हमी देते. मग दिली."

ओटमारने बोटांवर महिने मोजले. बंदूक घरात आली ती ऑक्टोबरात. फेब्रुवारी म्हणजे चार महिने.

"उडालं तर नाही ना?" चेर्निट्झने काळजीने विचारलं.

"नाही."

"शब्दाच्या पक्क्या हो बाई," पोस्टमन म्हणाला आणि खण सरकवून बंद केला.

गाडी चालवताना ओटमारच्या आत काहीतरी हललं. सात महिन्यांत पहिल्यांदा. पण ते दुःख नव्हतं. तो चक्क राग होता, आणि गाडी व्हिलाखच्या पुढे येईतो चांगला फुगला होता. अकरा वर्षं! अकरा वर्षं मी दर ह्यूबर्टसला छत्रीवाला म्हणून हसं करून घेतलं, आणि हिच्याकडे पेटी होती! का? सूड म्हणून? चारचौघांत तिची थट्टा करायचो म्हणून? मग तसं बोलायचं होतंस तोंडाने. मेलेल्या माणसाशी भांडायला लागलं की एक गैरसोय असते, आपल्या बाजूचे सगळे मुद्दे फार लवकर संपतात. तो तेच तेच पुन्हा म्हणत राहिला.

घरी आल्यावर कोटसुद्धा न काढता त्याने शोध मांडला. काडतुसांच्या कपाटात तेरा डबे होते, प्रत्येकावर तिच्या बारीक अक्षरात बंदुकीचं वर्ष. चौदावा नव्हता. पिठाचे डबे, पलंगाखालची पेटी, तळघरातली सफरचंदाची खोकी, सगळं उपसलं. पेटी सापडली शिवणयंत्राच्या खणात, चेनच्या तुकड्यांखाली. तिथे तो बेचाळीस वर्षांत कधी हात घालणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. त्याचाही त्याला राग आला.

गुरुवार होता, दुपारचे तीन. उजेड अजून दोन तास होता. त्याने चौदावी घेतली, पेटी खिशात टाकली आणि खाणीत गेला. कोणीच नव्हतं. खाणीत एक लोखंडी शिकंजा आहे. जुन्या बंदुकीत पहिल्यांदा गोळी भरली की बंदूक त्यात आवळायची, चापाला दोरी बांधायची आणि दहा पावलं मागे भिंतीआड उभं राहून दोरी ओढायची. फेर्लाखमध्ये हे कोणी शिकवत नाही, जेवायच्या आधी हात धुवायला शिकवतात तसं ते अंगात मुरलेलं असतं. ओटमारने शिकंज्याकडे पाहिलं. मग बंदूक उघडली, खालच्या नळीत काडतूस सरकवलं. ते असं बसलं जसं तिथेच जन्मलं होतं. त्याने बंदूक खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला आणि समोरच्या मातीच्या भिंतीवर नेम धरून चाप ओढला.

टक.

बार मागाहून उडाला तर, म्हणून तो थोडा वेळ तसाच थांबला, नियमाप्रमाणे. मग दुसरं काडतूस घातलं. टक. तिसरं. टक. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते, तिच्यावर खूण तर खोल उमटत होती. काडतुसं जुनी, दमट झाली असतील, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि घरी येऊन तिच्याच टेबलावर, तिच्याच चिमट्याने एका काडतुसाची गोळी उपटून काढली.

आत काही नव्हतं. दारूचा कण नाही, काजळी नाही. पितळ आतून धुऊन पुसलेलं होतं. त्याने दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, दहाच्या दहा उघडली. प्रत्येकाची दारू काढलेली, टोपी तेलात बुडवून मारलेली आणि गोळी पुन्हा इतक्या सफाईने बसवलेली, की चेर्निट्झलाही उमगलं नसतं. उडणार नाही याची हमी देते, असं म्हणाली होती. तिने हमी पाळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओग्रिस मास्तरांकडे गेला. मास्तर चौऱ्याऐंशीचे, कारखाना मुलाकडे, पण खिडकीपाशी त्यांची खुर्ची अजून होती. ओटमारने नळ्या सुट्या करून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. मास्तरांनी त्या उजेडाकडे धरल्यासुद्धा नाहीत.

"ही होय," ते म्हणाले. "आणलीस शेवटी."

"तुम्ही पाहिली होती?"

"पोरगी घेऊन आली होती, तुझी बुर्गी. तू गुडघ्याच्या ऑपरेशनला गेला होतास तेव्हा. मला म्हणाली, मास्तर, मला दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय का बघा. खालच्या नळीला बुडाशी भेग आहे, बाहेर नाही, आतून, केसाएवढी. तिला दिसली ती पहिल्याच दिवशी, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. मला भिंग लागलं." मास्तरांनी नळीच्या बुडावर अंगठा ठेवला. "इथून फुटेल. म्हणजे डावा हात, आणि डोळा. नशीब असेल तर तेवढंच."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"मीही तेच म्हटलं. म्हटलं, सांग त्याला, शहाणा माणूस आहे. तर म्हणाली, मास्तर, सांगितलं तर तो ऐकेल, मान हलवेल, आणि मी मासे आणायला बाजारात गेले की एकदाच, फक्त आवाज ऐकायला म्हणून, उडवून बघेल. त्यापेक्षा काडतूस कुठे असेल ते त्याच्या आधी मीच गाठून निकामी करते, आणि मला ते मिळत नाही हेच बरं." मास्तर हसले. "मी म्हटलं, पोरी, मग सगळ्या गावात तुझं नाव जाईल, की प्राशबाईला काडतूस मिळेना. तर म्हणाली, जाऊ दे, नाव काय, मला कुठे नक्षी कोरायचीय."

ओटमारने नळ्या कापडात गुंडाळल्या. काल दुपारचं त्याने मास्तरांना सांगितलं नाही. रस्त्यात त्याला वाटलं आता काहीतरी होईल, त्याने एका बाकावर बसूनही पाहिलं. काही झालं नाही. हात गार होते, एवढंच.

ह्यूबर्टसच्या रविवारी खाणीत नऊच्या नऊ जण आले. थंडी होती, लाकडं पेटवली होती, आल्बानच्या बायकोने कान्होले केले होते आणि ते फुटत होते. सगळे ते फुटले नाहीत अशा थाटात खात होते. बुर्गीचं नाव कोणी घेतलं नाही. ओटमारने चौदावी कापडातून काढून टेबलावर ठेवली तेव्हा आल्बानने सवयीने आभाळाकडे पाहिलं, आणि मग ओशाळून खाली.

"बोल की," ओटमार म्हणाला. "छत्री म्हण."

"जाऊ दे रे."

"छत्रीच आहे ती. खालची नळी फुटकी आहे. आतून भेग आहे." त्याने बाजूच्या लिंक्सवर हात ठेवला. "अकरा वर्षं मी तुम्हाला सांगत आलो, बुर्गीला हिचं काडतूस मिळत नाही. तिला ते चार महिन्यांत मिळालं होतं. दहा नग, मूळ वेष्टणात. घेऊन आली, दारू काढून टाकली आणि शिवणयंत्रात ठेवून दिली. मग दर वर्षी इथे उभी राहून माझी थट्टा ऐकली. तुम्हीही ऐकलीत. हसलात."

कोणीतरी शेकोटीत एक ओंडका सरकवला. लाकूड तडतडलं.

"पण ओटमार," आल्बान शेवटी म्हणाला, "तिने सरळ सांगायचं ना. तू काय लहान आहेस? नळीला भेग आहे म्हटल्यावर कोण उडवील?"

"सांगितलं नाही म्हणून मला भेगेचं माहीत नव्हतं हे खरं," ओटमार म्हणाला. "पण जुनी बंदूक कशी तपासतात ते माहीत होतं. गुरुवारी दुपारी मला ती पेटी सापडली. मी इथे आलो. तीन वेळा चाप ओढला."

"शिकंज्यात लावून," आल्बान म्हणाला. त्याने विचारलं नव्हतं. त्याला तेच धरून चालायचं होतं.

"खांद्याला लावून. गाल इथे टेकवून."

नऊ जणांतल्या एकाने हातातली ताटली खाली ठेवली. आल्बानच्या हातात डहाळी होती, ती कोणाच्या टोपीत खोचायची हे त्याला कळेना, आणि तो ती तशीच धरून उभा राहिला. ओटमारला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. त्यांच्यात कीव होती, थोडी भीतीही होती, पण आश्चर्य एकाच्याही तोंडावर नव्हतं. म्हणजे यांनाही ठाऊक होतं. तो असा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बुर्गीला सगळ्यांच्या आधी.

तेव्हा त्याला ती हवी झाली. आत्ता उठून घरी जावं आणि ती तिथे असावी, इतकी साधी हवी झाली. त्याला तिच्यावर ओरडायचं होतं, मोठ्याने, अकरा वर्षांचं सगळं, आणि तिने बटाटे सोलता सोलता ते ऐकून घ्यायला हवं होतं. त्याला रडू फुटलं. आल्बानने त्याला काखेत धरलं आणि बाकावर बसवलं, आणि बाकीचे, काय करावं हे न सुचून, हातात टोप्या घेऊन त्याच्याभोवती उभे राहिले.